रानबदकांसाठी एक तलाव राखू या

सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी, नालवाडी, म्हसाळा आणि वर्ध्याच्या आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्यांना ही विनंती आहे. ज्यांचं वावर तलावाला लागून आहे त्यांना, जे तलावात मासे धरतात त्यांना, ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्यांना, शाळेत शिकवणाऱ्यांना, आणि ले-आउटमध्ये घर बांधून राहणाऱ्या नोकरदारांनाही. मागणं एकच आहे. यंदाच्या हिवाळ्याआधी आपल्या जवळचा एक तलाव रानबदकांसाठी तयार करा आणि होळीपर्यंत तो सांभाळा.

दिवाळीच्या आगेमागे उत्तरेकडची पाखरं आपल्या जिल्ह्यात उतरू लागतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, लालसरी, चक्रवाक अशी त्यांची नावं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसाच्या जातीचा पक्षी तिबेट, मंगोलिया आणि लडाखकडे अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी हिमालय ओलांडून खाली येतो. त्याच्या अंगावर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात तो सात हजार मीटरपेक्षा उंच उडाल्याची नोंद आहे. एवढा पल्ला मारून आलेल्या पाखराला इथे तीन गोष्टी लागतात: उथळ पाणी, पाण्यातली वनस्पती आणि शांतता. तिन्ही मिळाल्या तर ते फाल्गुन-चैत्रापर्यंत राहतं. एकही कमी पडली तर दोन दिवसांत उठून जातं.

बोर, धाम, पंचधारा, मदन, डोंगरगाव, पोथरा, लाल नाला हे आपल्या जिल्ह्यातले मोठे-मध्यम प्रकल्प सगळ्यांना माहीत आहेत. पण पाखरांचं पोट मोठ्या धरणाच्या खोल पाण्यावर भरत नाही. ते भरतं धरणाच्या शेपटाकडच्या उथळ भागात, गावतलावात, पाझर तलावात, नाल्यावरच्या जुन्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गुडघाभर पाण्यात. या जागा लहान आहेत आणि गावाच्या हाताशी आहेत. म्हणून त्या सुधारायच्या असतील तर मुंबईहून कुणी येण्याची वाट पाहायची गरज नाही.

शिकाऱ्यांची विद्या घ्यावी, बंदूक सोडावी

रानबदकांसाठी पाणी तयार करण्याची विद्या जगात सगळ्यात जास्त शिकाऱ्यांनी वाढवली, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत शिकारी लोक उन्हाळ्याच्या तोंडाला तळ्यातलं पाणी हळूहळू उतरवतात. उघड्या पडलेल्या ओल्या चिखलावर गवतं आणि लव्हाळे आपोआप उगवतात, त्यांना बी धरतं, आणि हिवाळ्याच्या आधी तीच जमीन पुन्हा वीतभर पाण्याखाली घेतली जाते. बदकं त्या बियांवर उतरतात. कुठे मुद्दाम बाजरीसारखं धान्य पेरून त्यात पाणी सोडतात. तिथे बदकांची शिकार करायची तर १९३४ पासून दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात.

आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण राजस्थानातल्या भरतपूरचं आहे. तिथल्या संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सखल जमिनीवर बांध घातले, अजान बांधाचं पाणी कालव्याने आणून सोडलं आणि शिकारीसाठी पाणथळ जागा तयार केली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आज ती जागा केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८५ पासून जागतिक वारसा आहे. बांध तेच आहेत, पाणी फिरवण्याची रीतही तीच आहे. बंदुका मात्र गेल्या.

भरतपूरकडून आणखी एक धडा घ्यायचा आहे. १९८२ मध्ये तिथे गुराम्हशींची चराई एकदम बंद केली. त्यावरून गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि चराई थांबल्यावर पाण्यातलं गवत इतकं माजलं की बदकांना उतरायला मोकळं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. म्हणजे पाणथळ जागेला नुसतं कुंपण घालून ती जगत नाही. तिला माणसाची मेहनत लागते, गुरांचं चरणंही लागतं. ते किती आणि कधी, एवढं ठरवायचं असतं.

आता कायद्याचं स्पष्ट सांगतो, कारण याबाबत अजूनही गैरसमज आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सुरुवातीला परवाना काढून काही जातींची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. आता रानबदक मारणं हा गुन्हा आहे, आणि कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. जाळं लावणं, फास मांडणं, विष घातलेले दाणे टाकणं, पकडणं, अंडी उचलणं, घरटं मोडणं हे सगळं शिकारीतच येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीतल्या पक्ष्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाव्हण्यांसाठी एखादं बदक आणलं, त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला हे शांतपणे समजावून सांगा.

आणि ज्या समाजांची पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर गुजराण झाली, त्यांना गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. फासेपारध्यांना पाखरांच्या पायवाटा, चरायच्या वेळा, घरट्यांच्या जागा जितक्या ठाऊक असतात तितक्या पुस्तक वाचून येत नाहीत. विदर्भातल्याच अकोला-वाशीम भागात संवेदना या संस्थेसोबत फासेपारधी कुटुंबं तणमोराची गवताळ रानं राखत आहेत. आपल्याकडे तलावाची राखण करायला कुणाला मजुरीवर ठेवायचं झालं, तर पहिला विचार अशा जाणकार माणसाचा करा.

पूर्व विदर्भाने करून दाखवलं आहे

तलावात वनस्पती लावून पाखरं परत येतात का, असं कुणी विचारलं तर लांब जायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात सहा-सात हजार मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि राखणारा हात राहिला नाही. पोटात गाळ भरला, काठावर बेशरम माजली, पाण्यात बाहेरचे मासे सोडले गेले, देशी वनस्पती आणि देशी मासे कमी होत गेले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे कार्यकर्ते मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाबरोबर बसून या तलावांचा अभ्यास केला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले पतिराम तुमसरे यांच्यासारख्या मासेमार जाणकारांना कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर येते, तिच्यात कोणता मासा अंडी घालतो, कोणतं पाखरू ती खातं, हे सगळं पाठ होतं. त्यांनी उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पोटातली बेशरम मुळासकट काढली, जमीन नांगरली आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती आणून लावल्या. त्यात पाण्याखाली वाढणाऱ्या होत्या, पान पाण्यावर तरंगणाऱ्या होत्या आणि काठावरच्या चिखलात येणाऱ्याही होत्या. मासे वाढले, पाखरं परतली, ढिवरांच्या घरात चार पैसे जास्त आले. पुढे बायांच्या गटांनी हे काम गावोगाव उचललं. पाखरांसाठी आणि माणसासाठी वेगवेगळा तलाव लागत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

आपला वर्धा जिल्हा पूर्व विदर्भासारखी झाडीपट्टी नाही. इथे काळी कपाशीची जमीन आहे, पाऊस त्यांच्याहून कमी आहे, तलावही थोडे आहेत. म्हणून त्यांची नक्कल जशीच्या तशी करून चालणार नाही. पण कामाचा क्रम तोच राहील.

वर्षाचं काम, महिन्यांप्रमाणे

*चैत्र ते ज्येष्ठ.* पाणी उतरलेलं असतं तेव्हाच खरं काम करायचं. बेशरमीची झुडपं मुळासकट उपटा. नुसती छाटली तर फांदीचा तुकडाही चिखलात मूळ धरतो. उपटलेला माल पाण्यात किंवा काठावर टाकू नका, पाळीच्या पलीकडे उंचावर उन्हात वाळू द्या. सगळा काठ एका वर्षात भुईसपाट करू नका. अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी, म्हणजे त्यात राहणाऱ्या जिवांना हलायला जागा राहील. जलपर्णी असेल तर ती पहिल्या पावसाआधीच काढा. एकदा पाणी वाढलं की ती आपल्या आवाक्यात राहत नाही.

गाळ काढायचा तोही याच महिन्यांत. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत गाळ शेतात नेता येतो आणि काळ्या वावरालाही तो मानवतो. फक्त जेसीबीवाल्याला आधी जागा आखून द्या. पाळीजवळचा भाग खोल करा, पण ज्या बाजूने पाणी येतं तो शेपटाकडचा भाग उथळच ठेवा आणि उतार हळू ठेवा. थापट्या, चक्रांग, तलवार ही बदकं बुडी मारत नाहीत, डोकं खाली घालून खातात, म्हणून त्यांना वीतभर ते हातभर पाणी लागतं. लालसरी बुडी मारते, तिला खोल चालतं. तुतारी आणि शेकाट्या चार बोटं पाण्यात आणि ओल्या चिखलात चालतात. सगळीकडे सरळ कडा तासून विहिरीसारखा खड्डा केला तर पाणी जास्त साठेल, पण पाखरू बसायला येणार नाही.

*आषाढ-श्रावण.* जिथे वनस्पती नाहीशा झाल्या आहेत तिथे लावायच्या. जवळच्या निरोगी तलावातूनच आणा. लव्हाळे, कमळ-कुमुद, पाण्याखाली वाढणारं शेवाळासारखं दिसणारं चिला, काठावर सावा जातीची जंगली गवतं. बाजारातून शोभेची विदेशी वनस्पती आणू नका, जलपर्णीही कधीकाळी शोभेसाठीच या देशात आली होती. पाणकणीस थोडं असावं, त्यात पाणकोंबड्या लपतात, पण ते सगळा तलाव व्यापत असेल तर उन्हाळ्यात विरळ करा.

पावसाळ्यात पाण्यात उतरून सफाई मात्र करू नका. अडई, हळदीकुंकू बदक, टिबुकली, कमळपक्षी, वारकरी ही इथलीच पाखरं याच दिवसांत पाण्यातल्या वनस्पतींवर आणि काठच्या गवतात घरटी करतात. उत्तरेच्या पाहुण्यांसाठी घरच्यांना हुसकावणं बरोबर नाही.

*भाद्रपद-आश्विन.* गणपती आणि देवीचं विसर्जन राखलेल्या तलावात नको. ग्रामपंचायतीने कृत्रिम कुंड आधीच बांधावं आणि मंडळांना बोलावून जागा दाखवावी. निर्माल्य वेगळं गोळा करावं. पीओपी विरघळत नाही आणि रंग तळाशी बसतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. गावातल्या मोठ्यांनी ते मनावर घ्यायचं राहिलं आहे.

*कार्तिक ते माघ.* आता पाखरं आलेली असतात. या काळातलं काम म्हणजे मुख्यतः आपण मागे राहणं. तलावाची एक बाजू, शक्यतो उथळ शेपटाची, पूर्ण शांत ठेवा. तिथे जाळं नको, कपडे धुणं नको, गाड्या धुणं नको, सहलीचा डबा आणि स्पीकर नको. दुसरी बाजू गुरांना, बायांना, मासेमारांना मोकळी. अशी सरळ वाटणी केली तर कुणाचं काही अडत नाही.

*फाल्गुन.* पाणी सोडण्याचा निर्णय असेल तर एकदम रिकामं करू नका. हळूहळू उतरलं की रोज नवा ओला काठ उघडा पडतो, त्यातले किडे आणि बिया परतीच्या प्रवासाआधी पाखरांच्या पोटात जातात. होळीपर्यंत थोडं पाणी राखलं तर गुरांनाही आणि आजूबाजूच्या विहिरींनाही त्याचा आधार होतो.

दाणे टाकू नका, दाणे पिकू द्या

तलावावर जाऊन पाव, मुरमुरे, शेव टाकण्याची सवय शहराजवळच्या गावांत वाढते आहे. भावना चांगली आहे, परिणाम चांगला नाही. एका जागी खाणं मिळालं की पाखरं गर्दी करतात, पाणी नासतं आणि रोग पसरतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी बोटुलिझमने मेले. एका मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्या दुसऱ्याने खाल्ल्या आणि विष पसरत गेलं. आपल्या राज्यातही २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये मराठवाड्यात बर्ड फ्लू आला होता. म्हणून तलावावर एकापेक्षा जास्त मेलेली पाखरं दिसली तर हात लावू नका, कुत्र्यांना ओढू देऊ नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनविभागाला कळवा.

पाखरांना खाऊ घालायचं तर त्यांच्या रानात त्यांचं अन्न उगवू द्या. ज्यांना गाळपेराची जमीन मिळते त्यांना इथे मोठं काम करता येईल. पाणी हटलं की त्या जमिनीत आपण हरभरा, गहू, भाजीपाला घेतो. पाण्याकडची आठ-दहा पावलांची पट्टी नांगरू नका, तशीच राहू द्या. तिच्यावर उगवणारी जंगली गवतं हेच बदकांचं शेत. पट्टकादंब मात्र हिरव्या पिकात चरतो, हरभऱ्याचे आणि गव्हाचे कोंब त्याला आवडतात, आणि त्यात शेतकऱ्याचं नुकसान होतं हे नाकारून चालणार नाही. जिथे असा त्रास होतो तिथे पंचायतीने आणि पक्षीप्रेमींनी मिळून बियाण्याची भरपाई करावी. तोटा एकट्याने सोसायचा आणि कौतुक सगळ्यांनी करायचं, हा न्याय नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. गाळपेरावर मारलेलं कीटकनाशक पहिल्या पावसात थेट पाण्यात जातं. औषध लावलेलं बियाणं उघड्यावर सांडलं तर पाखरू ते दाणा म्हणून टिपतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपलेच शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या औषधाने धडधाकट माणूस जातो त्याच्यापुढे पावशेराच्या चक्रांगाचं काय? पंप तलावात धुऊ नका, रिकामे डबे काठावर टाकू नका, पाण्याला लागून असलेल्या तासांना शक्य तितकी कमी फवारणी करा.

शेततळं असेल आणि त्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर आत एक जाडसर दोर किंवा गोणपाटाची शिडी सोडून ठेवा. गुळगुळीत प्लास्टिकवरून माणसाचं पोर, वासरू, ससा, पाखराचं पिल्लू, कुणालाच वर येता येत नाही. या कामाला शंभर रुपयेही लागत नाहीत.

मासेमार बांधवांना

बदकं आपला मासा खातात, असं काहींना वाटतं. मासा खातो तो पाणकावळा. आपल्याकडे येणारी बहुतेक रानबदकं बी, कोंब, गोगलगायी आणि पाणकिडे खातात. त्यांची विष्ठा पाण्यात पडते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि तेच माशाच्या बोटुकलीचं खाद्य आहे. म्हणून बदकांचा तलाव माशांनाही चांगला असतो.

नुकसान करतो तो चुकीचा मासा. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, सोडला की तो पाण्यातली वनस्पती फस्त करतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो, मग खाली ऊन पोचत नाही आणि वनस्पती उगवत नाही. आफ्रिकन मागूर पाळायलाच बंदी आहे. तलावाच्या ठेक्याच्या करारातच रोहू, कतला, मृगळ आणि स्थानिक मासे असा उल्लेख करून घ्या. मासेमार संस्थेच्या सभेत ठराव घेतला तर पुढच्या वर्षी नवा ठेकेदार आला तरी तो टिकेल. आणि तुटलेली नायलॉनची जाळी पाण्यात सोडू नका. त्यात अडकलेलं पाखरू तासन्‌तास तडफडून मरतं.

ग्रामपंचायतीला

सिंदी मेघेसारख्या गावाची अवस्था वेगळी आहे. जनगणनेत ते शहर, कारभारात ग्रामपंचायत, आणि वर्धा शहराला इतकं चिकटलेलं की वावरांचे प्लॉट झाले, नाल्यांच्या नाल्या झाल्या. अशा ठिकाणी पाणथळ जागा सगळ्यात आधी जाते, कारण ती कागदावर पडीक दिसते. कुणी तिथे मलबा टाकतो, कुणी सांडपाणी सोडतो, आणि दहा वर्षांनी तिथे तळं होतं हे सांगूनही कुणाला पटत नाही.

कायद्याचा आधार इथे पातळ आहे, हे समजून घ्या. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जलसाठ्यांना लागू होत नाहीत, आणि आपले बहुतेक तलाव त्याच प्रकारचे आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात आणि २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावतळी आणि गावाची सामाईक जमीन वाचवण्याबद्दल ठामपणे सांगितलं आहे. जगपाल सिंग प्रकरणात तर अशा जमिनीवरची अतिक्रमणं काढायची योजना करा, असे निर्देश सगळ्या राज्यांना दिले. ते हातात घेऊन पंचायत बोलू शकते.

पंचायतीने चार गोष्टी कराव्यात. एक, गावाच्या हद्दीतली प्रत्येक पाण्याची जागा आणि लागून असलेली ई-क्लास जमीन मोजून नकाशावर घ्यावी. दोन, जैवविविधता व्यवस्थापन समिती फक्त कागदावर असेल तर तिला कामाला लावावं आणि लोक जैवविविधता नोंदवहीत पाखरांची नोंद दरवर्षी करावी. तीन, बेशरम आणि गाळ काढण्याचं काम रोजगार हमीत बसवून घ्यावं. चार, सौंदर्यीकरणाच्या नावाखाली तलावाला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, फरशीचा ट्रॅक आणि रात्रभर जळणारे दिवे लावू नयेत. बसायला बाकं हवीत तर एका बाजूला लावा. तीन बाजू मातीच्या राहू द्या.

शाळा आणि तरुणांना

महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. चितमपल्लींनी वनखात्यात राहून नवेगाव बांधची पाखरं जवळून पाहिली, आणि तिथले माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या गावातल्या जाणकारांकडून ते शिकले. हीच रीत शाळेत आणा. पोरांना पुस्तकातली चित्रं दाखवा, आणि मग गुराख्याला, मासेमाराला, म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलावून त्यांच्याकडून पाखरांची गावची नावं लिहून घ्या.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि गावातली पोरंही त्यात भाग घेऊ शकतात. दरवर्षी एकाच तलावावर, त्याच वेळी, त्याच जागेवरून मोजलं तर पाच वर्षांनी आपल्या कामाचा हिशेब आकड्यांत दिसेल. गेल्या वर्षी चक्रांग किती होते, यंदा किती आले, हे सांगता आलं की सरपंचही ऐकतात आणि तहसीलदारही.

फोटो काढणाऱ्या मित्रांना एक कळकळीची विनंती. उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी पाखरं मुद्दाम उठवू नका, ड्रोन नेऊ नका. पाखराने साठवलेली चरबी परतीच्या प्रवासासाठी असते. प्रत्येक उठाव त्यातून वजा होतो. आणि कुठे फास, जाळं किंवा संशयास्पद दाणे दिसले तर त्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

रोजचं काम, थोडं काम

आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला कुणी नको. पवनारजवळच्या सुरगावला विनोबा रोज पायी जाऊन स्वतः सफाई करत. एका दिवसाचा कार्यक्रम घेऊन, फोटो काढून ते थांबले नाहीत. तुकडोजी महाराजांनी याच विदर्भातल्या गावांना श्रमदानाची सवय लावली. तलावाचं कामही तसंच आहे. जूनमध्ये पन्नास माणसांनी एकदा जमून बेशरम उपटली आणि पुढच्या वर्षी कुणी फिरकलंच नाही, तर तिसऱ्या पावसाळ्यात ती पहिल्यापेक्षा दाट झालेली असेल. पाच माणसांनी दर पंधरा दिवसांनी एक सकाळ दिली तर तलाव बदलतो. म्हणून मोठा मेळावा न घेता आधी पाच जण शोधा: एक शेतकरी, एक मासेमार, एक शिक्षक, पंचायतीतला एक सदस्य आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी किंवा मुलगा.

मग ग्रामसभेत जा. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरची सभा धरा आणि लेखी ठराव मांडा: अमुक तलाव गावाने पाखरांसाठी राखला आहे, त्याची अमुक बाजू कार्तिक ते फाल्गुन शांत राहील, तिथे विसर्जन, मलबा आणि सांडपाणी जाणार नाही, गवत्या मासा सोडला जाणार नाही, आणि देखरेख अमुक पाच जण करतील. ठराव वाचून दाखवा, हात वर करून घ्या, इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची एक प्रत तलावाच्या पाळीवर फलक करून लावा. सिंदी मेघेने ही सुरुवात केली, तर शेजारच्या गावांनाही पुढच्या ग्रामसभेत तसाच ठराव मांडता येईल.